फ्लशिंग मेडोजच्या मातीतली चिल्लर

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागातील फ्लशिंग मेडोज–कोरोना पार्क हे सुमारे नऊशे एकरांचे सार्वजनिक उद्यान नाणकशास्त्राच्या, म्हणजे नाण्यांच्या आधारे इतिहास वाचण्याच्या शास्त्राच्या, अभ्यासकाला एका खास कारणासाठी महत्त्वाचे वाटायला हवे. जमिनीत सापडलेले नाणे केव्हा पाडले गेले हे बहुधा त्याच्यावरच लिहिलेले असते. ते केव्हा हरवले हे मात्र नाणे सांगत नाही, ते आजूबाजूच्या मातीला विचारावे लागते. या उद्यानात गर्दी केव्हा जमली आणि केव्हा पांगली याच्या तारखा नेमक्या ठाऊक असल्यामुळे मातीची ही साक्ष इथे ताडून पाहता येते, आणि मेटल डिटेक्टर घेऊन इथल्या हिरवळीवर घालवलेला दिवस हाती आलेल्या चांदीपेक्षा या पडताळणीमुळेच अधिक मोलाचा ठरतो.

मॅनहॅटनहून निघणारी सात क्रमांकाची गाडी क्वीन्समध्ये शिरल्यावर भुयारातून वर येते आणि पुढे रुझवेल्ट ॲव्हेन्यूवर उभारलेल्या लोखंडी खांबांवरून पूर्वेकडे धावू लागते. वाटेत जॅक्सन हाइट्स लागते, जिथे साड्या, सोने आणि मिठाई यांची भारतीय दुकाने आहेत; त्यानंतर लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांची वस्ती असलेला कोरोना भाग मागे टाकून गाडी मेट्स–विलेट्स पॉइंट या स्थानकावर थांबते. स्थानकाच्या उत्तरेला बेसबॉलचे भव्य मैदान, तर दक्षिणेला गाड्यांच्या यार्डावरून जाणारा रुंद पादचारी पूल आहे. हा पूल उतरून, टेनिसची प्रसिद्ध मैदाने बाजूला ठेवून चालत राहिल्यास युनिस्फिअर हा स्टेनलेस स्टीलचा पृथ्वीगोल समोर येतो, ज्याची उंची १४० फूट आणि व्यास १२० फूट आहे. ऑक्टोबरातल्या शनिवारी सकाळी इथे फुटबॉल खेळणारी मुले, शेगड्या पेटवण्याच्या तयारीत असलेली कुटुंबे आणि क्रिकेटचे डाव मांडणारे दक्षिण आशियाई तरुण एकाच वेळी दिसतात. नाणी शोधणाऱ्याने त्यांच्याकडे लक्षपूर्वक पाहावे, कारण माणसे आज जिथे सावलीला बसतात तिथेच ती पन्नास-साठ वर्षांपूर्वीही बसत असण्याचा संभव असतो, आणि बसल्या माणसाच्याच खिशातून चिल्लर घरंगळते.

ही जमीन मुळात खाजणाची. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत ब्रुकलिनमधल्या चुलींची आणि भट्ट्यांची कोळशाची राख आगगाडीने आणून इथे ओतली जाई आणि त्या राखेचे अक्षरशः डोंगर झाले होते. शहराचे उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी ते डोंगर सपाट करवले, राखेचा काही भाग जवळपासच्या रस्त्यांच्या भरावात घातला आणि तयार झालेल्या जमिनीवर १९३९ व १९४० या दोन हंगामांत जागतिक प्रदर्शन भरवले गेले, ज्याला सुमारे साडेचार कोटी लोकांनी भेट दिली. दुसरे प्रदर्शन १९६४ आणि १९६५ मध्ये भरले आणि त्याला पाच कोटींहून अधिक लोक आले; त्यात भारताचेही दालन होते. या दोहोंच्या दरम्यान, १९४६ ते १९५० या काळात, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेची अधिवेशने पहिल्या प्रदर्शनातून उरलेल्या इमारतीत होत असत, जिच्यात आज क्वीन्स म्युझियम आहे. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न विजयालक्ष्मी पंडित यांनी १९४६ च्या अखेरीस याच आमसभेत मांडला आणि त्यावरील ठराव संमत करून घेतला, ही गोष्ट इथे येणाऱ्या भारतीय प्रवाशाने आठवणीत ठेवण्याजोगी आहे.

शहराच्या उद्यानात डिटेक्टर चालवायचा तर उद्यान खात्याचा परवाना घ्यावा लागतो, आणि शोध कुठे घेता येईल व कुठे नाही हे खात्याने ठरवून दिलेले असते. उद्यानागणिक हे नियम वेगळे असतात व बदलतातही, त्यामुळे जाण्यापूर्वी ते वाचून घेणे श्रेयस्कर. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत डिटेक्टर वापरण्यास पूर्ण मनाई आहे, आणि संघराज्य सरकारच्या मालकीच्या जमिनीतून शंभर वर्षांहून जुन्या पुरावशेषांची विनापरवाना उचल करणे १९७९ च्या कायद्याने गुन्हा ठरते. या निर्बंधांबद्दल कुरकुर करणारे शोधक पुष्कळ भेटतात. परंतु उकरून तशीच सोडलेली हिरवळ एकदा पाहिली की निर्बंध का घातले गेले हे कळते, आणि त्यात खात्याची चूक दिसत नाही.

डिटेक्टरचे तत्त्व साधे आहे. दांड्याच्या टोकाला बसवलेल्या चकतीत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्या वेटोळ्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि ते क्षेत्र जमिनीतल्या धातूपर्यंत पोचले की त्या धातूच्या अंगात गोल फिरणारे सूक्ष्म प्रवाह उठतात, ज्यांना आवर्त प्रवाह म्हणतात. या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. ते क्षेत्र मूळ क्षेत्राच्या किती मागून येते यावरून धातू वीज किती सहज वाहून नेतो याचा अंदाज यंत्र बांधते आणि तो आकड्याच्या व स्वराच्या रूपाने शोधकाला कळवते. लोखंडाचा स्वर खालचा, चांदीचा व तांब्याचा उंच. निकेलचे नाणे, शीतपेयाच्या डब्याची कडी आणि बारीक सोन्याची अंगठी यांचे आकडे मात्र इतके जवळजवळ पडतात की खणल्याशिवाय त्यांतला भेद कळत नाही, आणि म्हणूनच जो शोधक कड्यांना कंटाळतो त्याच्या हातून निकेलची नाणीही सुटतात.

या यंत्राच्या पूर्वजाला एका राष्ट्राध्यक्षाच्या शरीरातली गोळी शोधायची होती. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि आत राहिलेली गोळी सापडावी म्हणून टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी दोन वेटोळ्यांचे उपकरण तयार करून ते रुग्णाच्या अंगावरून फिरवले. पलंगाच्या स्प्रिंगांनी उपकरणाला चकवले, शिवाय गोळी ज्या बाजूला होती ती बाजू डॉक्टरांनी तपासूच दिली नाही. १९ सप्टेंबरला गारफिल्ड यांचे निधन झाले. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी हातात धरून चालवता येईल असा सुरुंगशोधक बनवला, जो एल अलामीनच्या लढाईत वापरला गेला, आणि युद्धानंतर विक्रीला निघालेल्या अशाच यंत्रांवर अमेरिकेतल्या हौशी शोधकांची पहिली पिढी तयार झाली.

फ्लशिंग मेडोजच्या मातीत यंत्राची सकाळ कष्टाची जाते. अर्धवट जळालेल्या कोळशाचे खडे आणि राखेतला लोहांश यांमुळे चकती जमिनीवरून नुसती सरकवली तरी हेडफोनमध्ये चरचर सुरू होते, तेव्हा यंत्र आधी त्या मातीशी जुळवून घ्यावे लागते, म्हणजे मातीचा स्वतःचा प्रतिसाद किती हे यंत्राला शिकवून तेवढा वजा करायला लावावे लागते. एवढे करूनही पहिले दोन-तीन तास बाटल्यांची बुचे, चांदीचा भास देणारा ॲल्युमिनियमचा कागद, तंबूच्या खुंट्या आणि अलीकडची नाणी यांतच जातात. १९८२ पासून अमेरिकेतली पेनी, म्हणजे एक सेंटचे नाणे, तांब्याऐवजी जस्ताचे पाडून त्यावर तांब्याचा पातळ मुलामा दिला जाऊ लागला. मुलाम्याला जरा ओरखडा पडला की माती आतले जस्त खाऊ लागते, आणि त्यामुळे वीस-पंचवीस वर्षे जमिनीत राहिलेली पेनी कडा झिजून, भोके पडून, राखाडी होऊन वर येते, तर तिच्यापेक्षा कितीतरी जुनी तांब्याची पेनी हिरवट थर चढूनही लिंकनच्या चेहऱ्यासकट शाबूत असते. स्वस्त धातूचा इतका स्पष्ट पुरावा टांकसाळीच्या अहवालातही मिळणार नाही.

चांदीची गोष्ट याहून वेगळी आणि या उद्यानाच्या इतिहासाशी घट्ट बांधलेली आहे. डाइम म्हणजे दहा सेंटचे आणि क्वार्टर म्हणजे पंचवीस सेंटचे नाणे पिढ्यान्‌पिढ्या नव्वद टक्के चांदीचे होते. चांदीचा भाव चढू लागला, लोक नाणी दडवू लागले, सुट्या पैशांची चणचण भासू लागली, आणि अखेर २३ जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्याने या दोन्ही नाण्यांतून चांदी हद्दपार केली. त्यांच्या जागी तांब्याच्या गाभ्यावर दोन्ही बाजूंनी तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे पत्रे चढवलेली नाणी आली, ज्यांच्या कडेवर तांबूस रेघ स्पष्ट दिसते. नवी क्वार्टर नोव्हेंबर १९६५ मध्ये आणि नवी डाइम मार्च १९६६ मध्ये चलनात आली. प्रदर्शनाचे दरवाजे १७ ऑक्टोबर १९६५ रोजीच बंद झाले होते. अर्थ असा की दोन हंगामांत इथे आलेल्या पाच कोटींहून अधिक लोकांच्या खिशांतली प्रत्येक डाइम आणि प्रत्येक क्वार्टर चांदीची होती, आणि प्रदर्शन उठल्यावर काही दिवसांतच तशी नवी नाणी मिळणे संपत चालले. चांदीचे चलन ज्या गर्दीच्या हातात अखेरचे खेळले अशी इतकी मोठी आणि तारखेने बांधलेली गर्दी दुसरीकडे दाखवणे अवघड आहे.

तथापि नाण्यावरचे साल पाहून घाईने निष्कर्ष काढणाऱ्याला याच काळाने मोठा पेच घातला आहे. टंचाईच्या दिवसांत नवी नाणी संग्राहकांनी साठवू नयेत म्हणून सरकारने १९६४ हेच साल पुढेही कायम ठेवले, आणि त्या सालाची चांदीची नाणी प्रत्यक्षात १९६५ मध्ये व त्यानंतरही काही काळ पाडली जात होती. तेव्हा १९६४ ची डाइम सापडली म्हणून ती १९६४ मध्ये पाडली गेली एवढेदेखील खात्रीने म्हणता येत नाही. ती कोणत्या साली हरवली हे तर त्याहून पुढचे.

दुपारच्या सुमारास, परवानगीच्या हद्दीतल्या एका जुन्या झाडाच्या सावलीच्या कडेला, उंच आणि स्वच्छ स्वर लागतो, आणि चकती काटकोनात वळवून पुन्हा फिरवल्यावरही तो तसाच राहतो. दोन्ही दिशांनी सारखा वाजणारा स्वर बहुधा नाण्याचा असतो. गवताला तीन बाजूंनी खुरप्याने काप देऊन चौथी बाजू मुळांनी जोडलेलीच ठेवायची, तो तुकडा पुस्तकाच्या मुखपृष्ठासारखा उलटायचा आणि निघालेली माती गवतावर न सांडता फडक्यावर काढायची, अशी पद्धत आहे, जिच्यामुळे गवत काही दिवसांत पूर्ववत मूळ धरते. पिनपॉइंटर या बोटभर जाडीच्या छोट्या शोधकाने खड्ड्याची भिंत चाचपली असता चार बोटे खोलीवर मातीतून एक पांढरी कड डोकावते. तांबे हिरवे पडते, निकेलला तांबूस डाग चढतात. चांदी मात्र अशा मातीतून जवळपास जशी पडली तशी उठते. नाणे अठरा मिलिमीटरहून किंचित कमी व्यासाचे, अडीच ग्रॅम वजनाचे, एका बाजूला पंख असलेली टोपी घातलेली स्त्री. ही स्वातंत्र्यदेवता असून ॲडॉल्फ वाइनमन या शिल्पकाराने तिची आकृती घडवली, पण लोकांनी तिला रोमन देव मर्क्युरी मानले आणि १९१६ ते १९४५ या काळातली ही डाइम मर्क्युरी याच नावाने ओळखली जाऊ लागली. माती पाण्याने ओघळू दिल्यावर साल दिसते, १९४४.

इथे बहुतेक शोधक खड्डा बुजवून पुढे जातात, आणि चूक तिथेच होते. त्याच खड्ड्यात नाण्याच्या दोन बोटे खाली ॲल्युमिनियमची एक कडी निघते, जिला जिभेसारखा वाकलेला पत्रा चिकटलेला आहे. शीतपेयाचा वा बिअरचा डबा उघडताना पूर्ण ओढून काढायची ही कडी एर्मल फ्रेझ या अमेरिकी अभियंत्याच्या शोधातून १९६० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आली आणि डब्यालाच चिकटून राहणारी कडी १९७५ मध्ये निघाल्यावर काही वर्षांत नाहीशी झाली. इतका अल्पायुषी आणि सर्वत्र फेकला गेलेला धातूचा तुकडा कालनिर्णयाला नाण्यापेक्षा उपयोगी, कारण नाणे दशकानुदशके हातोहात फिरते, कडी मात्र निघाल्या क्षणी जमिनीवर पडते. कडी खाली आणि नाणे वर, याचा सरळ अर्थ १९४४ ची ही डाइम सुमारे वीस वर्षे वापरात राहून १९६० च्या दशकात, बहुधा दुसऱ्या प्रदर्शनाच्या वेळी किंवा त्याच्या मागेपुढे आलेल्या एखाद्या माणसाच्या खिशातून पडली. अर्थात हा सरळ अर्थही जपून घ्यावा लागतो, कारण गांडुळे माती वर आणून टाकतात आणि पृष्ठभागावरच्या वस्तू हळूहळू खाली जातात, हे चार्ल्स डार्विन यांनी १८८१ मध्येच, म्हणजे बेल यांच्या प्रयोगाच्याच वर्षी, गांडुळांवरील ग्रंथात मोजमापांनिशी दाखवून दिले होते. शिवाय प्रदर्शन उठल्यावर इथल्या पुष्कळ जागी माती हलवली गेली. एका खड्ड्याच्या साक्षीवर निकाल देता येत नाही. परंतु अशा शंभर खड्ड्यांची नोंद एकत्र आली तर देता येईल, आणि नेमकी तीच नोंद कोणी ठेवत नाही, ही या छंदातली खरी हानी होय.

त्याच परिसरात थोड्या वेळाने पितळी चकतीचा एक नमुना हाती येतो, सोळा मिलिमीटरचा, ज्याच्या मध्यभागी वाय हे अक्षर आरपार कापलेले आहे. हे न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे टोकन, म्हणजे भाडे भरल्याची खूण म्हणून फिरत्या फाटकात टाकायची चकती. पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी भाडे पाच सेंट होते आणि निकेलचे एक नाणे टाकून प्रवास होई. १९४८ मध्ये ते दहा सेंट झाले. १९५३ मध्ये पंधरा सेंट झाल्यावर एका नाण्यात भाडे भरणे शक्य न राहिल्याने टोकन काढावे लागले, आणि या आकाराचे टोकन १९७० पर्यंत चालले. टोकनावर साल नसते. तरीही सकाळी सात क्रमांकाच्या गाडीने आलेला आणि संध्याकाळी त्याच गाडीने परतायचा बेत असलेला कोणीतरी परतीचे टोकन इथे गमावून बसला, एवढे ते निःसंदिग्धपणे सांगते, जे चांदीची डाइम सांगत नाही. बाजारात या टोकनाला फारशी किंमत येत नाही. इतिहासात त्याची किंमत डाइमपेक्षा वरची मानावी लागेल.

उद्यानात एक गोलाकार दगडी चौथरा आहे, ज्याच्या खाली पुरलेल्या वस्तू कोणी शोधायच्या नाहीत, निदान आणखी सुमारे पाच हजार वर्षे तरी. वेस्टिंगहाउस कंपनीने २३ सप्टेंबर १९३८ रोजी इथे पन्नास फूट खोल एक कालकुपी पुरली, म्हणजे भविष्यातील माणसांसाठी आपल्या काळाच्या वस्तू भरून सीलबंद केलेली नळी. साडेसात फूट लांबीची ही नळी तांबे, क्रोमियम आणि चांदी यांच्या मिश्रधातूची असून ती इ. स. ६९३९ मध्ये उघडायची आहे, आणि तिच्यापासून दहा फुटांवर १९६५ मध्ये दुसरी कालकुपी ठेवली गेली. पहिलीत घड्याळ, डबा उघडण्याची चावी, सूक्ष्मपटावर उतरवलेला हजारो पानांचा मजकूर, आइन्स्टाइन यांचा संदेश यांच्याबरोबर एका डॉलरचे सुटे पैसेही आहेत. तिच्याविषयीचे माहितीपुस्तक जगभरच्या ग्रंथालयांना पाठवले गेले, आणि त्यात अक्षांश-रेखांश तर दिलेच आहेत, शिवाय वरच्या खुणा नष्ट झाल्या तर विद्युत्‌चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने नळी कशी शोधावी हेही सांगितले आहे. म्हणजे डिटेक्टरने शोधली जाण्यासाठीच पुरलेली वस्तू या उद्यानाच्या पोटात आहे. विद्वानांनी निवडून ठेवलेल्या त्या एका डॉलरच्या चिल्लरीशी हिरवळीवर नकळत सांडलेली चिल्लर ताडून पाहिली, तर दुसरीच अधिक विश्वासार्ह साक्षीदार वाटते, कारण कालकुपीत माणसाने स्वतःबद्दल जे सांगायचे ठरवले ते आहे, आणि गवताखाली जे सांगायचे त्याच्या मनातही नव्हते ते.

दिवस उतरल्यावर एक स्थानक पुढे, फ्लशिंगच्या मेन स्ट्रीटला उतरून बाउन स्ट्रीटवरच्या गणपतीच्या देवळापर्यंत चालत जाता येते. १९७७ मध्ये प्रतिष्ठापना झालेले हे देऊळ अमेरिकेतल्या जुन्या हिंदू देवळांपैकी असून, खालच्या उपाहारगृहात मिळणाऱ्या डोशासाठी मराठी कुटुंबेही आवर्जून येतात. इथे बसून दिवसभरात सापडलेल्या नाण्यांची पाकिटे उलगडताना महाराष्ट्रातल्या एका नाणेसंचयाची आठवण अपरिहार्यपणे होते.

नाशिकजवळील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये क्षहरात वंशातील क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली, आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला छाप पुन्हा मारलेला आढळला. शत्रूच्या नाण्यावर आपली मुद्रा उमटवून ते चालवणे म्हणजे जिंकल्याची जाहीर घोषणा, आणि दोन राजांच्या कालक्रमाचा वाद मिटवायला या पुराव्याइतके बळकट साधन दुसरे नव्हते. हे कळले ते संचय एका ठिकाणी तपासला गेला आणि रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्याचा तपशीलवार अहवाल १९०८ मध्ये प्रसिद्ध केला म्हणून. तीच नाणी गावोगावच्या सराफांकडे सुटी सुटी गेली असती तर प्रत्येक नाण्याचे वजन झाले असते, त्यांतले इतिहासवचन मात्र कोणालाही वाचता आले नसते.

या छंदाने उत्साहित होऊन भारतात परतल्यावर किल्ल्यांच्या पायथ्याशी किंवा नदीकाठी डिटेक्टर फिरवण्याचा विचार कोणाच्या मनात आल्यास त्याने १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आधी वाचावा. निखात निधी म्हणजे जमिनीत दडलेली मूल्यवान वस्तू. तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे, आणि संरक्षित स्मारकांच्या हद्दीत विनापरवाना खोदाई करणे हा वेगळा गुन्हा ठरतो. लेखी सूचनेत कायदा तीन गोष्टी मागतो: वस्तूचे स्वरूप आणि अंदाजे मूल्य, ती सापडल्याचे ठिकाण, आणि सापडल्याचा दिनांक. न्यूयॉर्क, न्यू जर्सी किंवा अन्यत्र परवाना घेऊन हा छंद करणाऱ्या मराठी वाचकांना विनंती अशी की कायदा तिथे तशी सक्ती करत नसला तरी प्रत्येक नाण्याच्या पाकिटावर याच तीन गोष्टी लिहाव्यात, आणि चौथी म्हणून त्याच खड्ड्यात आणखी काय निघाले तेही लिहावे, मग ती डब्याची कडी का असेना.